स्टीलची टूरिंग सायकल : फ्रेमचे माप आणि सुटे भाग कसे निवडावेत

तासगावच्या एका शिक्षकांनी विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर आहे. त्यांचे वय ४८, उंची १६८ सेंमी, वजन ७४ किलो. शाळेला रोज जाऊन-येऊन १८ किलोमीटर सायकल ते चालवतातच. आता दिवाळीच्या सुट्टीत कराड, पाटण, कुंभार्ली घाटाने चिपळूणला उतरून किनाऱ्याने मालवणपर्यंत जावे आणि पुन्हा घाट चढून घरी यावे, असा त्यांचा बेत आहे. सध्याच्या सायकलवर तासाभरात मान आणि मनगटे दुखू लागतात. दुकानात त्यांना ५६ सेंमीची स्टील फ्रेम दाखवली गेली आणि ‘फ्रेम मोठी असली की सायकल आरामशीर चालते’ असे सांगण्यात आले. त्या सायकलला पुढे ५०-३४ दातांच्या दोन चकत्या, मागे ११ ते ३२ दातांची कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच), ३२ तारांची चाके आणि २८ मिमीचे टायर आहेत. माप कोणते घ्यावे आणि यातले काय ठेवावे, काय बदलावे, हा त्यांचा प्रश्न.

थोडक्यात सांगायचे तर ५६ची फ्रेम आपण घेऊ नये. आपल्याला ५२च्या आसपासची, वरची नळी मागे किंचित उतरती असलेली आणि पुढचा भाग उंच असलेली फ्रेम लागेल. टायर ३८ ते ४० मिमीचे हवेत, मागच्या चाकाला ३६ तारा हव्यात आणि सर्वांत हलका गिअर सध्या दाखवला आहे त्यापेक्षा बराच हलका हवा. साताऱ्यात मी गेली बरीच वर्षे सायकली बांधतो आणि सामान लादून त्यांवरून फिरतोही. त्या अनुभवातून या प्रत्येक गोष्टीचे कारण पुढे देतो, म्हणजे दुकानात वेगळी सायकल समोर आली तरी आपल्याला स्वतः निर्णय घेता येईल.

सुरुवात पायाच्या मापापासून करावी लागते, आणि तिथेच बहुतेकांची पहिली चूक होते. पँटच्या आतल्या शिलाईची लांबी म्हणजे पायाचे माप नव्हे. ती प्रत्यक्ष मापापेक्षा काही सेंटिमीटर कमी भरते. बूट काढून भिंतीला पाठ टेकून उभे राहावे, दोन पावलांत वीतभर अंतर ठेवावे, जाड पुठ्ठ्याच्या बांधणीचे एक मोठे पुस्तक दोन्ही पायांमध्ये धरून त्याची एक कड भिंतीला लावावी, आणि सीटवर बसल्यावर जितका दाब येतो तितक्या दाबाने ते वर ओढावे. पुस्तकाच्या वरच्या कडेपाशी दुसऱ्या कोणाला पेन्सिलीने खूण करायला सांगावी. स्वतः वाकून खूण केली तर माप चुकते. असे तीन वेळा करून मधला आकडा घ्यावा. १६८ सेंमी उंचीच्या माणसाचे हे माप बहुधा ७७ ते ७९ येते. पुढील हिशेबासाठी आपण ७८ धरू.

या आकड्याला ०.८८३ने गुणले की पायडलच्या दांड्या ज्याभोवती फिरतात त्या मधल्या धुऱ्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचे, सीटच्या नळीच्या रेषेतले अंतर मिळते. ग्रेग लेमाँड या अमेरिकन सायकलपटूमुळे हे सूत्र प्रसिद्ध झाले. आपल्यासाठी ते ६९ सेंमी येते. शर्यतीच्या सायकलपटूंसाठी वापरलेले हे सूत्र आहे, म्हणून सामान लादून दिवसभर चालवणाऱ्याने अर्धा सेंटिमीटर खालूनच सुरुवात करावी आणि पुढे गरजेप्रमाणे सीट वर घ्यावी. पडताळा घेणे सोपे आहे : सीटवर सरळ बसून टाच पायडलवर ठेवली आणि पायडल सर्वांत खाली नेले, तर पाय जेमतेम सरळ व्हायला हवा, त्यासाठी कंबर एका बाजूला कलंडत असेल तर सीट उंच आहे. सीटची ही जागा फक्त पायडलशी बांधलेली असते. हँडल दूर वाटते म्हणून सीट पुढे सरकवणे हा उपाय सर्रास केला जातो, पण त्याने हाताचा त्रास गुडघ्यात उतरतो, एवढेच होते.

आता फ्रेमकडे येऊ. आपल्याकडे माप म्हटले की २२ इंची आणि २४ इंची हे दोन आकडे जुन्या पिढीच्या तोंडात असतात. त्या काळ्या दांड्याच्या सायकलींच्या बाबतीत सीटच्या नळीची लांबी सांगितली की काम भागत असे, कारण हँडल सगळ्यांचे सारखे, मागे वळलेले आणि उंच असायचे. आजच्या फ्रेमवर ५२, ५४, ५६ असे आकडे लिहिलेले असतात. परंतु एक उत्पादक नळी मध्यापासून मध्यापर्यंत मोजतो, दुसरा मध्यापासून टोकापर्यंत, आणि तिसऱ्याची वरची नळी उतरती असल्याने तो काल्पनिक आडव्या रेषेवरून आकडा ठरवतो. त्यामुळे दोन कंपन्यांच्या ५४मध्ये दोन-तीन सेंटिमीटरचा फरक सहज निघतो. त्या आकड्यावर विसंबू नये. फ्रेमच्या तक्त्यात ‘स्टॅक’ आणि ‘रीच’ हे दोन रकाने शोधावेत. पायडलच्या धुऱ्यापासून पुढच्या उभ्या नळीच्या माथ्यापर्यंतची उभी उंची म्हणजे स्टॅक, आणि त्याच दोन बिंदूंमधले आडवे अंतर म्हणजे रीच. आपले हँडल कुठे येणार हे मुख्यतः या दोन आकड्यांवरून कळते, आणि टूरिंग सायकलच्या आरामाचा प्रश्न निम्म्याहून अधिक हँडल कुठे येते याच प्रश्नात सामावलेला आहे.

आपल्या वयाला आणि मानेच्या तक्रारीला हँडलचा माथा सीटच्या पातळीवर असावा, त्याखाली नसावा. सीटची नळी सुमारे ७२.५ अंशांत कललेली असल्याने ६९ सेंमीची सीट धुऱ्यापासून उभ्या मापाने साधारण ६६ सेंमी वर येते. ज्या फ्रेमचा स्टॅक ५६-५७ सेंमी आहे, तिच्यावर ३ सेंमीचे स्पेसर (हँडल उंच करणाऱ्या कड्या) आणि ६ अंश वर वळलेला ९ सेंमीचा स्टेम (हँडलला फ्रेमशी जोडणारा आडवा तुकडा) बसवला, तर हँडल सीटच्या पातळीला किंवा बोटभर वरच येते. याच मापाच्या शर्यतीच्या फ्रेमचा स्टॅक ५२-५३ असतो. तिच्यावर ही उंची गाठायची तर स्पेसरचा मनोरा उभा करावा लागतो. रीच आपल्यासाठी ३६.५ ते ३८च्या दरम्यान असावा. येथे एक बारकावा लक्षात ठेवावा. पुढची नळी मागे कललेली असते, म्हणून हँडल ३ सेंमी वर घेतले की ते सुमारे १ सेंमी मागेही येते. दोन फ्रेमच्या रीचची तुलना स्टॅक सारखा असेल तरच खरी ठरते. कमी उंच फ्रेमचा रीच कागदावर जेवढा दिसतो, हँडल योग्य उंचीला नेल्यावर तो त्याहून कमी भरतो.

दुकानदारांनी ५६ का सुचवली असेल, हेही यावरून समजते. मोठ्या फ्रेमचा पुढचा भाग उंच असतो, हँडल आपोआप वर येते, आणि दुकानासमोर दोन फेऱ्या मारताना ते बरे वाटते. त्या म्हणण्यात तेवढे तथ्य आहे. पण उंचीबरोबर लांबीही वाढते. ५६च्या फ्रेमचा रीच दीड-दोन सेंटिमीटरने अधिक असतो, शिवाय वरची आडवी नळी जमिनीपासून जवळपास ८२ सेंमीवर येते. आपला पाय बुटासह ८० सेंमी. घाटात चढावर सामानासह सायकल थांबवून खाली उतरण्याची वेळ आली, तर काय होईल हे वेगळे सांगायला नको. ५१-५२च्या आडव्या नळीच्या फ्रेमवरही हा हिशेब ७७-७८ सेंमी येतो, म्हणजे मोकळीक दोन बोटांची. म्हणूनच वरची नळी थोडी उतरती असावी, असे मी सुरुवातीला म्हटले.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. माझी उंची १७१. पहिली टूरिंग फ्रेम मी ५८ची घेतली होती, कारण ती दुकानात होती आणि मला घाई झाली होती. साताऱ्याहून निघून चिपळूणला मुक्काम करायचा होता. पाटणच्या पुढे उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर झाले. मी हँडल सैल धरले, जाड हातमोजे घातले, पट्टी गुंडाळली. काही उपयोग झाला नाही. घरी परतल्यावर जवळपास आठवडाभर मला शर्टाचे वरचे बटण उजव्या हाताने लावता येत नव्हते. तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूने जाणारी नस शरीराच्या भाराने दबत होती, आणि तो भार तिथे येण्याचे कारण हँडल दूर असणे हे होते. पुढे ५३ची फ्रेम घेतल्यावर तेच हातमोजे, तेच हँडल आणि तोच रस्ता असूनही ती तक्रार उरली नाही.

हँडल सरळ असावे की शिंगासारखे खाली वळलेले, हे फ्रेम घेण्यापूर्वी ठरवावे, कारण दोन्हींसाठी फ्रेम वेगळी लागते. सरळ हँडलसाठी आखलेल्या फ्रेम लांब असतात. अशा फ्रेमवर खाली वळलेले हँडल चढवले, तर ब्रेकच्या मुठी आणखी ८-१० सेंटिमीटर पुढे जातात आणि अवघी बैठक बिघडते. मग ५ सेंमीचा आखूड स्टेम लावून डागडुजी करावी लागते. आपण जुन्या सायकलीवर सरळ हँडलला सरावलेले असाल, तर मागे वळणारे रुंद हँडल हा माझ्या मते आपल्यासाठी चांगला पर्याय आहे. मनगट नैसर्गिक कोनात राहते. किनाऱ्यालगत समोरच्या वाऱ्यात खाली वाकता येत नाही, ही त्याची उणीव. शिंगासारखे खाली वळलेले हँडल घेतलेच, तर त्याची रुंदी खांद्यांच्या हाडांमधल्या अंतराएवढी किंवा २ सेंमी अधिक ठेवावी.

स्टीलविषयी बराच गैरसमज आहे. स्टील ‘धक्के शोषून घेते’ असे सांगितले जाते. बंद त्रिकोणाची फ्रेम उभ्या दिशेने इतकी थोडी लवते की ३८ मिमीच्या टायरपुढे तिचा हिशेबच नको. स्टीलची खरी थोरवी वेगळ्या ठिकाणी आहे. ते तुटण्यापूर्वी बहुधा चीर दाखवते, पोचा आला तरी बऱ्याचदा घरापर्यंत पोहोचवते आणि दुरुस्त होते. साध्या कार्बन स्टीलची आणि क्रोम-मॉलिब्डेनम स्टीलची, म्हणजे दुकानात ज्याला ‘क्रोमोली’ किंवा ४१३० म्हणतात त्याची, लवण्याची क्षमता जवळपास सारखीच असते. फरक असतो तो ताकदीत. क्रोमोली अधिक ताण सोसते म्हणून तिची नळी पातळ करता येते, आणि चांगल्या फ्रेममध्ये ती टोकांना ०.८ किंवा ०.९ मिमी आणि मध्ये ०.५ किंवा ०.६ मिमी जाडीची असते. नळीचा ताठपणा जाडीपेक्षा व्यासावर अधिक अवलंबून असतो. सामान लादणाऱ्याला हे महत्त्वाचे आहे, कारण फार बारीक नळ्यांच्या फ्रेमवर मागे १५ किलो ठेवले की उतारावर हँडल थरथरू लागते. खालची तिरकी नळी निदान ३१.८ मिमी व्यासाची असावी.

दुरुस्तीबाबत एक सूचना आवर्जून करतो. ‘स्टील कुठेही जोडता येते’ हे खरे असले, तरी पातळ क्रोमोलीवर गावातल्या फॅब्रिकेशनच्या दुकानात आर्क वेल्डिंग करून घेऊ नये. नळीला भोक पडते. गॅसवर पितळेची झाळ देणारा कारागीर शोधावा. तसा कारागीर ट्रॅक्टरच्या रेडिएटरची कामे करणाऱ्यांत अजूनही सापडतो.

फ्रेमची आणखी दोन मापे पाहावीत. मागच्या चिमट्याची लांबी, म्हणजे पायडलच्या धुऱ्यापासून मागच्या चाकाच्या धुऱ्यापर्यंतचे अंतर, ४४ ते ४६ सेंमी असावे. ते ४२ असेल तर प्रत्येक फेऱ्याला टाच मागच्या पिशवीला घासते, आणि पिशवी मागे सरकवली तर पुढचे चाक चढावर हलके पडते. दुसरे म्हणजे, ५२ किंवा त्याहून लहान फ्रेमला ७०० सीची (रोड सायकलींच्या नेहमीच्या मापाची) चाके आणि मडगार्ड असताना हँडल पूर्ण वळवले की बुटाचे टोक मडगार्डला लागू शकते. अगदी संथ वेगात घाटातल्या वळणावर हे पाडते. आपण सायकलवर बसून, पायडल आडवे ठेवून, हँडल वळवून ते पाहावे. बूट लागत असेल, तर २६ इंची किंवा ६५० बी, म्हणजे ७०० सीपेक्षा लहान, चाकांची फ्रेम घेणे श्रेयस्कर.

चाकाच्या आकारावरून निघालेली ही गोष्ट इथेच पुरी करतो, कारण बाहेरगावी टायर घेताना हमखास गोंधळ होतो. ७०० सी रिमचा टायर जिथे बसतो तो व्यास ६२२ मिमी असतो. आपल्या जुन्या दांड्याच्या सायकलींचा २८ × १½ टायर ६३५ मिमीचा असतो. तो ‘२८ इंची’ म्हणून मिळतो, दिसायलाही तसाच असतो, पण ७०० सीच्या रिमवर तो सैल पडतो. २६ इंचीतही तीच गत आहे : डोंगरी सायकलींचा २६ इंची टायर ५५९ मिमीचा, तर २६ × १⅜ लिहिलेला टायर ५९० मिमीचा. टायरच्या बाजूवर छापलेला हा तीन अंकी (६२२, ५५९ असा) आकडा वाचल्याशिवाय टायर घेऊ नये. ५५९चे टायर-ट्यूब तालुक्याच्या गावी बहुतेक ठिकाणी मिळतात. ७०० सीसाठी मात्र आपल्याजवळ एक घडीचा टायर आणि दोन ट्यूब असाव्यात.

टायरची रुंदी हा आरामातला सर्वांत स्वस्त भाग आहे. ऊस वाहतुकीच्या हंगामात आपल्या भागात रस्त्यावर काय असते, हे आपल्याला ठाऊकच आहे : दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, पडलेल्या मोळ्या आणि प्रत्येक ट्रॉलीला वाट देताना साइडपट्टीवर उतरणारी सायकल. २८ मिमीच्या टायरमध्ये ९० पौंड हवा भरून साइडपट्टीवर उतरलो, की प्रत्येक खडा मनगटाला कळतो. ३८ किंवा ४० मिमीच्या टायरमध्ये आपल्या वजनाला मागे ५५ आणि पुढे ४५ पौंडांच्या आसपास हवा पुरते. वेग फारसा घटत नाही, कारण खडबडीत रस्त्यावर ताठ टायर सायकलला वर उडवण्यात शक्ती घालवतो. फ्रेम निवडताना ४० मिमीचा टायर आणि वर मडगार्ड अशी दोन्ही सामावतील एवढी जागा चिमट्यात आहे का, हे पाहून घ्यावे. आटपाडी, जत किंवा माण-खटावकडे जाणार असाल, तर टायरच्या आत काट्यांपासून संरक्षणाचा पट्टा असलाच पाहिजे. तिकडचे सराटे आणि बाभळीचे काटे पातळ टायरला दिवसाला तीन-चार पंक्चर देतात.

आता चाकांकडे वळतो, आणि या भागात मी थोडा अधिक रेंगाळणार आहे, कारण टूर अर्धवट सोडून एसटीच्या टपावर सायकल टाकायला लावणाऱ्या बिघाडांपैकी बहुतेक मी मागच्या चाकातच पाहिले आहेत. सामानाचा बहुतेक भार मागच्या चाकावर येतो, आणि दातेचक्रांना जागा देण्यासाठी त्या बाजूच्या तारा जवळजवळ उभ्या व डावीकडच्यापेक्षा बऱ्याच अधिक ताणलेल्या असतात. तार तुटते ती बहुधा हबपाशी, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यापाशी, वाकलेल्या कोपरात. ती फार ताणली म्हणून क्वचितच तुटते. सैल असल्यामुळे तुटते. चाक फिरताना जमिनीकडची तार क्षणभर सैल होते आणि पुन्हा ताणली जाते. मुळातला ताण कमी असेल, तर प्रत्येक फेऱ्याला ती हबच्या भोकात हलते आणि हजारो फेऱ्यांनंतर कोपर थकून तुटते. म्हणून ३६ तारा, प्रत्येक तार तीन तारांना ओलांडणारी, १४ नंबरची स्टेनलेस तार आणि पितळी निपल (तार रिमपाशी आवळणारे नट) एवढे मागून घ्यावे. मध्ये १.८ मिमीपर्यंत बारीक केलेली तार मिळाली तर उत्तम, कारण ती अधिक लवते आणि कोपराला आराम मिळतो.

यंत्रावर बांधलेले नवे चाक जसेच्या तसे वापरू नये. ते चांगल्या कारागिराकडे नेऊन नुसते ‘आउट काढून द्या’, म्हणजे वाकडेपणा काढा, असे न म्हणता ‘ताण सारखा करून, तारा दाबून द्या’ असे सांगावे. मी स्वतः हे असे करतो : चाक मांडीवर आडवे धरून एकमेकींना समांतर जाणाऱ्या दोन-दोन तारा दोन्ही हातांनी मुठीत घेऊन जोरात आवळतो आणि याप्रमाणे चाकाभोवती पूर्ण फिरतो. तारा किरकिरतात, निपल आपल्या जागी बसतात, कोपर हबच्या कडेला चिकटून बसतात. चाक थोडे वाकडे होते, मग पुन्हा आउट काढायची, पुन्हा आवळायचे. तिसऱ्या फेरीला किरकिर थांबते. मग नखाने एकेक तार छेडून पाहतो. एका बाजूच्या सगळ्या तारांचा स्वर सारखा आला की चाक झाले. अशा चाकाला एका हंगामात एकदाही पाना लावावा लागला नाही, असे माझ्या ग्राहकांच्या अनेक सायकलींच्या बाबतीत मी पाहिले आहे.

मागचा हब कॅसेटचा असावा, आट्यांवर बसणाऱ्या फ्रीव्हीलचा नसावा. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवीकडचे छर्रे बरेच आत असतात आणि धुऱ्याचा मोठा तुकडा आधाराविना बाहेर राहतो. सात चकत्यांच्या फ्रीव्हीलवर सामान लादले की तो वाकतो आणि एखाद्या खड्ड्यात तुटतो. माझा तुटला तो कोयनानगरच्या अलीकडे, पावसाळ्याच्या शेवटच्या दिवसांत. धुरा दोन तुकडे होऊनही चिमट्याच्या दाबाने जागेवरच होता, म्हणून मला फक्त चाक डुगडुगल्यासारखे वाटत राहिले. सोडवले तेव्हा कोन आणि छर्रे रस्त्यावर पडले. कॅसेटच्या हबमध्ये उजवे छर्रे चिमट्याजवळ असतात, त्यामुळे हा प्रकार जवळजवळ संभवत नाही.

गिअरच्या बाबतीत नुसत्या मताऐवजी हिशेब मांडतो. ३८ मिमी टायरच्या ७०० सी चाकाचा घेर सुमारे २.१९ मीटर. पुढे ३४ आणि मागे ३२ दात असताना पायडलच्या एका फेऱ्यात सायकल २.३३ मीटर जाते. मिनिटाला ६० फेरे टिकवायचे, तर ताशी ८.४ किलोमीटर वेग ठेवावा लागतो. आपण, सायकल आणि सामान मिळून १०५ किलो धरले, तर ७ टक्के चढावर त्यासाठी सुमारे १८५ वॅट शक्ती लागते. रोज सायकल चालवणाऱ्या पण शर्यतीचा सराव नसलेल्या, पन्नाशीजवळच्या माणसाला एवढी शक्ती तासभर देणे जमत नाही. मग फेरे ४०वर येतात, प्रत्येक फेऱ्याला गुडघ्यावर भार पडतो आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना तो जाणवतो. पुढे २६ आणि मागे ३४ दात असतील, तर त्याच ६० फेऱ्यांना वेग ताशी ६ किलोमीटर आणि शक्ती सुमारे १३५ वॅट. हे आपल्या आवाक्यात आहे. वाईहून पसरणी घाटाने पाचगणीला जाणे किंवा पोलादपूरकडून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरपर्यंत जवळपास १३०० मीटर चढणे, दोन्ही या गिअरवर न थांबता, श्वास सांभाळून करता येते.

म्हणून पुढे ४८-३६-२६ दातांचा तीन चकत्यांचा क्रँक (पायडलच्या दांड्या आणि पुढच्या चकत्या) आणि मागे ११ ते ३४ दातांची ९ गिअरची कॅसेट मी सुचवतो. ८ किंवा ९ गिअरच्या साखळ्या स्वस्त असतात, टिकतात आणि सांगली, कराड, सातारा येथे सहज मिळतात. वळलेल्या हँडलच्या मुठीत बसवलेले रोड सायकलचे शिफ्टर (गिअर बदलण्याच्या कळा) डोंगरी सायकलच्या पुढच्या डिरेलरला (साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाला) पुरेशी केबल ओढत नाहीत. ही जोडी जमवायची, तर हँडलच्या टोकाला बसणाऱ्या साध्या लिव्हर घ्याव्यात. सरळ हँडलला हा प्रश्न येत नाही. क्रँकची लांबी आपल्याला १७० मिमी चालेल. गुडघ्याची जुनी तक्रार असेल तर १६५ घ्यावी. पायडलच्या मधल्या धुऱ्याचा भाग साध्या चौकोनी टोकाचा, बंद कार्ट्रिजचा असावा. तो पावसात टिकतो आणि कोणालाही बदलता येतो.

ब्रेकमध्ये व्ही-ब्रेक (रिमवर दोन्ही बाजूंनी रबर दाबणारे) किंवा केबलवर चालणारे डिस्क ब्रेक, दोन्ही चालतात. कासकडे किंवा कोकणात पावसाळ्यात जांभ्याचा लाल चिखल रिमवर बसतो आणि तो कानसीसारखा रबर आणि रिम दोन्ही खातो; पावसात फिरणार असाल तर डिस्क घ्यावेत, पण फ्रेम आणि पुढचा चिमटा मुळातच डिस्कसाठी बनवलेले असतील तरच. नेहमीच्या व्ही-ब्रेकला रोड हँडलच्या मुठी जोडू नयेत, केबल कमी ओढली जाते.

सीटबाबत थोडेच सांगतो, कारण ती ज्याची त्यालाच सापडावी लागते. बसण्याची दोन हाडे जिथे टेकतात तेवढी रुंदी असावी आणि गादी बोटाने दाबली तर फार खोल जाऊ नये; मऊ सीट अर्ध्या तासानंतर हाडांच्या मधल्या नाजूक भागावर दाब देते. चामड्याची सीट उत्तम, पण तिला पावसापासून जपावे लागते आणि तिच्या पट्ट्या आखूड असल्याने ती पुरेशी मागे घेण्यासाठी मागे वळलेला सीटपोस्ट लागतो. कॅरिअर १० मिमी स्टीलच्या नळीचे असावे आणि ते बसवण्यासाठी फ्रेमला आटे पाडलेल्या जागा मुळातच असाव्यात. पट्ट्यांनी बांधलेले कॅरिअर घाटात उतरताना सरकते. किनाऱ्यावरून परतल्यावर सीटपोस्ट काढून सीटच्या नळीत थोडे तेल सोडावे, सायकल दोन्ही कुशींवर आडवी करून ते सगळीकडे पसरू द्यावे आणि खालच्या धुऱ्याच्या पेटीला पाणी जाण्याचे भोक आहे का व ते बुजलेले तर नाही ना, हे पाहावे. खाऱ्या हवेतला गंज आतून लागतो आणि रंगाखाली तो दिसत नाही.

पैसे बेताचे असतील, तर फ्रेम आणि मागचे चाक यांत काटकसर करू नये. डिरेलर, पायडल आणि हँडलची पट्टी पुढे केव्हाही बदलता येतात. सायकल घेताना दुकानदारांना एकच अट घालावी : पुढच्या चिमट्याची हँडलकडची उभी नळी त्यांनी कापू नये. तिच्यावर स्टेमच्या खाली ३-४ सेंमी आणि वर २-३ सेंमी स्पेसर तसेच ठेवून निदान ५०० किलोमीटर चालवावी, त्यात एक दिवस पूर्ण सामान लादून कुंभार्लीऐवजी जवळचा एखादा घाट चढून-उतरून पाहावा, आणि मान, मनगटे व गुडघे काय सांगतात त्याप्रमाणे स्टेम एकेक स्पेसरने वर-खाली करत राहावे. दोन आठवडे काही बदलावेसे वाटले नाही, की मगच नळी कापून घ्यावी; त्या वेळीही स्टेमच्या वर १ सेंमी शिल्लक ठेवावी.